दोरीच्या आतली जांभळी फुलं

खरं सांगायचं तर माळीणबाई नकाशेकाकांना फारशा ठाऊक नव्हत्याच. नकाशे काढण्यात जन्म गेलेल्या काकांना बावीस वर्षं खिडकीतून समोरच्या बागेत दिसली ती बाईंची वाकलेली पाठ. घरी कोण, दुखतंखुपतं काय, कधी विचारलं नाही.

बागेच्या मागच्या उतारावर बाईंनी जांभळी रानफुलं राखली होती. इथल्याच मातीतली, मुळं जमिनीत तग धरून दरवर्षी पुन्हा फुटणारी. फुलं सरली तरी बाई वाळके दांडे कापू देत नसत. त्या पोकळ दांड्यांत मधमाश्यांची पिल्लं असतात, म्हणत. लोकांना मात्र दिसलं ते तण!

इमारतीत अर्ज फिरला, ‘परिसर स्वच्छ करा’. काकांनी न वाचताच सही ठोकली. नाही म्हणायची सवयच नव्हती.

आठवड्यात पालिकेच्या बाग खात्यातल्या साहेबांनी उतारावर यंत्र फिरवलं, तेही ऐन बहरात. मधमाश्या दिवसभर रिकाम्या जागेवर घोंघावत राहिल्या. वर तण माजू दिलं म्हणून बाईच कामचुकार ठरल्या! आता तिथे खणून फरशा बसणार होत्या.

“काका, तुमचीसुद्धा सही?” बाईंनी विचारलं.

“न वाचता केली हो.”

“मुंगीएवढे आकडे वाचत जन्म काढलात, आणि चार ओळी जड झाल्या होय?”

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला, आधी स्वतःवरच. दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले.

साहेब फोनमधून मान वर काढेनात. “तण होतं ते, आजोबा. रंगीत कुंड्या ठेवतोय की.”

“त्या कुंड्यांकडे एक माशी तरी फिरकते का?” काका ओरडले, आणि स्वतःच्या आवाजाने दचकले. “माझी सही खोडा. तोवर हलणार नाही!”

सही खोडली गेली. मग इमारतीतल्या आणखी सात जणांनी आपापल्या खोडल्या, तेव्हा कुठे फरशा टळल्या. त्याचा राग साहेबांनी बाईंवर काढला. बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गाड्यांच्या आवारात. तिथे गवताची काडी नाही. बावीस वर्षांच्या राबण्याचं हे बक्षीस!

शेवटच्या दिवशी बाई उतारावर खुंट्या ठोकून दोरी बांधत होत्या.

“परत येतील का हो?” काकांनी विचारलं.

“मुळं शाबूत आहेत. आत कुणाला पाय टाकू देऊ नका.”

“नाही देणार.”

“दांडे?”

“कापू देणार नाही.”

“आणि काका, सही करताना चष्मा लावत जा.”

“लावतो, बाई.”