अकरा पेनांचं एकच पार्सल

मागच्या महिन्यात कोसाडच्या आमच्या गल्लीत मी एक कारभार करून बसलो. परदेशी साइटवरून काही मागवणार असाल तर वाचून ठेवा, उपयोगी पडेल.

माझी बायको आणि गल्लीतल्या बायका घरी साडीवर खडे चिकटवायचं काम करतात. एकेक खडा चिमटीत धरून गोंदावर ठेवायचा... संध्याकाळी बोटं वळत नाहीत. बाहेरच्या एका साइटवर मला हवेने खडा ओढून धरणारं पेन दिसलं.

मी एम्ब्रॉयडरी मशीन दुरुस्त करतो, शाळा सातवीपर्यंत. पण कस्टम ड्युटीचं गणित स्वतः वाचून शिकलोय. ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही, शिपिंग आणि विमा धरून लागते, आणि त्या सगळ्या बेरजेवर पुन्हा जीएसटी.

एकट्या पेनाला शिपिंग परवडत नव्हतं. आपल्या खानदेशी लोकांची सवय... गावी जायचं तरी गाडी मिळून करायची. तसे अकरा घरांचे पैसे जमवले आणि माझ्या नावावर एकच पार्सल मागवलं.

ते कस्टममध्ये अडकलं. कुरियरच्या मुलीचा फोन आला, गुजरातीत विचारलं, "काका, अगियार पेन तमे एकला वापरशो?"

अकरा घरं आहेत, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "तो अगियार जणे जुदां जुदां मंगाववां हतां ने, काका." म्हणजे अकरा जणांनी वेगवेगळी मागवायची होती.

एकाच्या नावावर एकसारख्या इतक्या वस्तू आल्या की तो घरगुती वापर धरत नाहीत, व्यापार धरतात. त्याला आयातदाराचा कोड लागतो. माझ्याकडे नव्हता, पार्सल परत गेलं. पेनांचे पैसे परत मिळाले, शिपिंगचे बुडाले.

बुडाले ते मी भरले. धास्ती वेगळीच होती... यापुढे माझ्या शब्दावर गल्लीत कोणी पैसे काढणार नाही. ओट्यावर सगळ्यांना बोलावलं, काय चुकलं ते सांगितलं आणि पैसे परत द्यायला लागलो.

शेजारच्या ताराबाई म्हणाल्या, "भाऊ, इतला हिशोब करस, मंग आधी इचारं का नई?" सगळ्या हसल्या. मी मान खाली घातली. मग त्याच म्हणाल्या, "आते एकच मंगाड, सर्वासनं मिळीसन. पाळीपाळी वापरसूत."

प्रत्येकीने आपला वाटा ठेवला, उरलेले मी परत दिले. एकच पेन मागवलं, ड्युटी भरली, आठवड्यात दारात आलं. ड्युटी मी काढली होती तेवढीच लागली, हेही नोंदवतो.

बायकोने स्वतःची पाळी शेवटची घेतली. म्हणाली, "घोळ आपल्या घरातून झाला ना, मग आपण शेवटी."

पेनाची पाळी अजून आमच्या घरी आलेली नाही. काल ताराबाईंच्या दारावरून जाताना त्याच्या मोटरीचा बारीक आवाज आला, जरा वेळ तिथेच थांबलो... तोंडावर आभार मानले तर त्या हसतील, म्हणून इथे मानतो.