बांगडोबाचं गाऱ्हाणं

आमच्या घरी सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधूनमधून संकष्टी आणि एकादशी. हे सगळं आईचं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि ताटात वालीची भाजी, हे बाबांना सहन होईना, म्हणून त्यांनी स्वतःचा देव काढला. त्याचं नाव बांगडोबा. मासे खाल्ले नाहीत तर हा देव कोपतो. त्याला मूर्ती नाही, देऊळ नाही, नुसते सण. पावसाळ्यानंतर होड्या पुन्हा बाहेर पडल्या की पहिल्या ताज्या बांगड्याची ‘बांगडेपुनव’, मग ती अमावास्येला का येईना. जेवून सगळ्या घराने हातपाय ताणून पडायचं ती ‘आडवी एकादशी’. त्या दिवशी उपास करणाऱ्याला पाप. सण मात्र नेहमी बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी यायचे, कारण बांगडोबासुद्धा आईला वचकून होता.

सणाला अंगणात गाऱ्हाणं व्हायचं. आमच्याकडे देवापुढे एकाने मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा, ही रीतच आहे. बाबा अगदी गंभीर तोंडाने म्हणायचे, “बा देवा बांगडोबा, आज जी काय तुझी सेवा केली हा ती मान्य करून घे, आणि हिचो सोमवार येवच्या आधी येक बरीशी इसवण जाळ्यात गावांदे रे म्हाराजा!” इसवण म्हणजे सुरमई.

“व्हय म्हाराजा!” त्यात सगळ्यांत मोठा आवाज बंदरावरच्या चाचांचा. ते बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, मासळीचे व्यापारी. तुम्ही मुसलमान, तुम्ही कसे या देवाला मानता, असं कोणी चिडवलं की म्हणायचे, “माका चलता. ह्या देवाचो रस्सो करूक येता.” आई नाक मुरडायची, पण तळलेला पहिला तुकडा केळीच्या पानावर वेगळा काढून ठेवायची. कोणासाठी, असं विचारलं तर खेकसायची.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. चालणं हळूहळू सुधारलं, शब्द मात्र एकही परत येईना. ज्यांच्या बडबडीला आम्ही कंटाळायचो ते भिंतीकडे बघत बसायला लागले. त्यांना काही समजतं की नाही, तेही कळेना. आईला तेवढंच हवं होतं. बोलले नाहीत तरी चालतील, पण मी कोण ते ओळखतात का?

बांगडेपुनवेला मी म्हटलं, यंदा राहू दे. पण चाचा टोपली घेऊन आलेच. “सण चुकवलो तर देव रागावतलो,” म्हणाले आणि स्वतःच गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. “बा देवा बांगडोबा, माझ्या दोस्ताक बरो कर रे म्हाराजा!”

आमच्या तोंडून काही फुटायच्या आत खुर्चीतून बाबा खणखणीत म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

चाचांना रडू कोसळलं. आईने कालथ्यासकट हात जोडले. मला आनंद झाला आणि खरं सांगायचं तर थोडी चीडही आली. एवढे वार, एवढे उपास, आणि पावला कोण, तर मुळात नसलेला देव!

आनंद फार टिकला नाही, कारण बाबा तेवढंच बोलत. चहा हवा? व्हय म्हाराजा. नको? व्हय म्हाराजा. मी मुद्दाम विचारलं, “बाबा, मी तुमची सून ना?” व्हय म्हाराजा. मी त्यांची एकुलती एक मुलगी. डॉक्टर म्हणाले, जिभेवर बसलेले शब्द कधीकधी उरतात. त्यामागे अर्थ असेल किंवा नसेलही. म्हणजे आम्ही होतो तिथेच.

आईचा घोळ वेगळाच. तिने मला हळूच विचारलं, “बांगडोबाक नारळ फोडलंय तर बाकीचे रागावतले काय गो?” देव खोटा म्हणावं, तर बाबा बोलले ते कशाने?

एका संध्याकाळी ती त्यांना भात भरवत होती. “मीठ कमी झाला?” व्हय म्हाराजा. “गरम आसा?” व्हय म्हाराजा. पुढचा घास हातात धरून ती थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “माका सोडून जातलास काय ओ?”

मी दारात थिजले. हे विचारायला नको होतं. उत्तर ठरलेलं होतं.

बाबांनी तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून घेतले. आई घास पुढे धरून वाट बघत राहिली, पण त्यांनी ओठ उघडलेच नाहीत. त्यांना प्रश्न कळला होता की नुसतं पोट भरलं होतं, मी अजूनही सांगू शकत नाही. आईने मला विचारलंही नाही. तो घास तिने स्वतःच्या तोंडात घातला आणि रडत रडत चावत राहिली.