ज्यांच्या हातची भाकरी मी खाल्ली

बायको गेली. आता हे लिहू नका म्हणणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

लढाई चालू होती तेव्हा मी पलटणीत होतो. मुदतीचा ताप आला आणि दवाखान्यात पडलो. ताप उतरल्यावर घरी कुंडलला पत्र लिहिलं : ‘इथं एकजण आहेत. त्यांनी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, पेज भरवली. काल भाकरी थापून दिली. त्यांच्या हाताला चव आहे.’

ते दवाखान्यातले शिपाई. जतकडचे, मेंढरामागं फिरून भाकरी शिकलेले, भल्या मोठ्या मिशांचे. वयानं मोठे म्हणून नाव लिहिलं नाही. आणि मिशा कुणी पत्रात लिहीत नाही.

बायको अक्षरं जुळवून वाचायची. तिनं चुलीपुढं बसून वाचलं. पेज भरवतीया, भाकरी थापतीया, म्हणजे बाईच. त्यात नाव नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, ‘त्यांनी’ एवढंच म्हणते. बिननावाचं माणूस म्हणजे घरचं माणूस. तिचं ठरलं.

सुट्टीवर आलो तर गाठोडं बांधलेलं. माहेरी निघाली होती, कायमची. तोंडावर सांगून जायचं म्हणून थांबलेली.

“तितंच ऱ्हायचं. हितं कशाला आलासा?”

“तितं कोन हाय माझं?”

“पेज भरवनारी.”

“गडी हाय गं त्यो. मिशा हायत.”

“आवं, गडी भाकरी थापतो व्हय? कुनाला सांगताय?”

मी पायताण काढलं, परातीत पीठ घेतलं आणि चुलीपुढं बसलो. आई दारातनं म्हणाली, “लढाईवर ह्येच शिकिवत्यात व्हय रं?” मी थापत राहिलो. कडा फाटल्या, पण भाकरी फुगली.

बायकोनं तुकडा मोडून खाल्ला. बराच वेळ चावला.

“मिशा केवड्या हायत?”

मी दाखवल्या. हाताचं पीठ गालाला लागलं. ती हसली नाही. मी बाहेर गेल्यावर हसली, असं आई सांगायची.

संध्याकाळी तिची लुगडी पुन्हा दांडीवर होती.

परत निघालो तेव्हा चटणीच्या दोन पुरचुंड्या दिल्या. मोठी त्यांची, लहान माझी.

“त्यांच्या घरी कोन हाय का, भाकरी करून घालायला?” तिनं विचारलं.

मला ठाऊक नव्हतं.

“येवडी पेज पिलासा, आन इचारलं न्हाई? इचारून लिवा.”