बिडीपुरता विसावा

बार्शीटाकळीच्या वाटेवर एका बागाईतदाराच्या मळ्यात आम्ही दोघे भाऊ मोट हाकत असू. तिथे दम खायची एकच सोय होती, बिडी. गड्यानं बिडी पेटवली की ती संपेस्तोवर मालक बैल थांबवू देई. बिनबिडीचा कुणी टेकला, तर लगेच ओरडे, "काहून बसला बे? हात मोडले का तुहे?"

धाकटा बारा-तेरा वर्षांचा, अंगानं काडी. दुपारी मोटेच्या धावेवर, बैलांच्या त्या उतरणीवर, त्याचे पाय लटपटत. मला ते बघवेना. एक दिवस माझी पेटलेली बिडी मी त्याच्या हाती दिली.

"ओढू नको, नुसती धरून बस."

त्यानं ओढलीच. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, मग हसला. मालकानं बैल थांबू दिले. मला वाटलं, केवढी अक्कल चालवली आपण! गाढव होतो मी.

पुढे दोन वर्षांनी नदीकाठी बैराग्यांचा तळ पडला आणि धाकटा त्यांच्या चिलमीला लागला. गांजाचा वास आईला कळला तेव्हा ती दिवसभर जेवली नाही. इथली संगत तुटावी म्हणून आम्ही त्याला अमरावतीला मामाच्या फुलांच्या मळ्यावर धाडलं. संगत तुटली खरी. पण झेंडूची टोपली वाहून पाठ धरली, म्हणून तिथल्या एका गड्यानं त्याला अफूची बारीक गोळी दिली. वर्षानं परत आला तो अफूची सवय घेऊनच.

आई म्हणे, "बिडीनंच नासला माहा पोरगा. कोनं देल्ली असंन त्याले पयली?" मी खाली मान घालून जेवत राही. आमच्या गावात बिडी न ओढणारा शोधावा लागे, मीही ओढतच होतो, आणि आमच्यातलं कुणी अफूकडे वळलं नाही. मग बिडीचा काय दोष, असं मी मनाला शंभरदा समजावलं. मन काही ऐकेना. ती दिली नसती तर काय झालं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

शेवटी त्याला चालवेना. अफू मिळाली नाही की नाक वाही, जुलाब होत, हातपाय आखडत. वैद्यानं हात टेकले. मग दर बाजाराला अकोल्याच्या सरकारी परवान्याच्या दुकानातून मीच अफू आणू लागलो. दुकानदार मलाच अफीमबाज समजे. समजू दे म्हटलं.

घरी येऊन गोळी मीच त्याच्या जिभेवर ठेवी. आई तेवढा वेळ अंगणात जाऊन बसे. हळूहळू त्याची थरथर थांबे, कपाळ सैल पडे.

"बरं वाटून राह्यलं, दादा," तो म्हणे.

आणि लाज वाटते सांगायला, त्या घटकेला मलाही बरं वाटे.