भोंगे की भुंगे

मोटरसायकलच्या हँडलला ब्लूटूथ स्पीकर लावायचं ठरवलं, तेव्हा बायको कडाडली, "भोंगे कशाला? वरात काढायचीय?" मी हट्टाने पावसापाण्यात टिकणारे दोन गोल स्पीकर निवडले आणि गाझियाबादच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच आवळून बसवले.

दिल्लीकडेच वाढलेल्या मुलीला भोंगा हा शब्द नवीन होता. तिने पुण्याच्या आजीला फोनवर कौतुकाने सांगितलं, "बाबांनी गाडीला भुंगे लावलेत!"

"भोंगे गं, भुंगे नाहीत!" मी ओरडलो.

रविवारी तिला मागे बसवून पानिपतच्या हायवेला लागलो. वेग वाढला, वाऱ्यात गाणं हरवलं, आणि दोन्ही स्पीकर हँडलवर थरथरत नुसते भुणभुणू लागले.

मागून पाठीवर थाप पडली. "बाबा, आता बोला!"