सुटलेला ठोका

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण माझ्या ज्या ट्रॅकवर तुम्ही मान डोलावता, त्यातच ते दडलंय.

मी मूळचा कुरुंद्याचा. आता पुण्यात एकटाच कार्यक्रम करतो — ड्रम आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रं. डब म्हणतात त्याला. गाणं सोलून काढायचं, ठेका आणि त्याचा घुमणारा पडसाद तेवढा ठेवायचा. माझं नाव झालं ते एका ट्रॅकमुळे. त्यात हलगी चाललेली असते आणि मधेच एक ठोका गळतो. त्या रिकाम्या जागेत पडसाद घुमत राहतो. लोकांना तीच जागा आवडते. हे सुचलं कसं, विचारतात. मी नुसता हसतो. सुचलं म्हणे!

ती आमच्या जत्रेतली हलगी आहे. लेझीमपुढे आम्ही दोघं वाजवत होतो — थोरला चुलतभाऊ नामदेवभाऊ आणि मी. मला हलगी धरायला त्यानंच शिकवलं. त्या फेरीला हौसेनं मलाच पुढे केलं. वाजवणं टिपायला माझ्या कमरेला रेकॉर्डर होता. बंद तर पडला नाही ना, म्हणून मी तो चाचपला — आणि हात सुटला, ठोका गळला. भाऊही अडखळला. लेझीमची रांग एकमेकांवर आदळली, सगळ्या गावादेखत.

लेझीम शिकवणारे वस्ताद ओरडले, "कोणाचा हात सुटला रे?"

मी काय म्हणावं? "भाऊचा."

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. "व्हय, माझाच," म्हणाला.

पुढच्या जत्रेला भाऊची हलगी दुसऱ्याकडे गेली. भाऊ परत कधी लेझीमपुढे उभा राहिला नाही. जत्रेच्या दिवशी तो आता हळद घेऊन वसमतच्या बाजाराला जातो. त्याच दिवशी काहून, हे कोणी विचारत नाही — मीही नाही.

यंदा घरी गेलो, तर तो ट्रॅक त्यानंच ऐकायला मागितला. हेडफोन लावले, मांडीवर बोटांनी ठेका धरला. त्या जागेशी बोटं थांबली.

"इथं काहून थांबून राहिलं हे?"

"मशीनचं आहे, भाऊ."

म्हणजे दुसऱ्यांदा खोटं बोललो. त्यानं हेडफोन काढून माझ्या हातात दिले. म्हणाला, "चांगलं वाजवून राहिला तू. जेवून जाय." आणि मी जेवलोसुद्धा — पोटभर.

पुण्यात तो ठोका मी माझा म्हणून मिरवतो. कुरुंद्यात तो अजून भाऊच्या नावावर आहे. हात माझा सुटला होता.