झटक्याच्या आधी

यूसुफभाई गेल्याचे मला परतवाड्याच्या बसस्टँडवर कळले. मी चिखलदऱ्याला जायला निघालो होतो. अमरावतीहून आलेल्या गाडीचा कंडक्टर खाली उतरता उतरता म्हणाला, "साहेब, तुमचे बंदूकवाले यूसुफभाई गेले न आज सकाळी... मले वाटलं तुमाले ठाऊक असन." मला ठाऊक नव्हते. मागच्याच रविवारी मी त्यांच्या दुकानात बसून आलो होतो आणि त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्या बुटांना नावे ठेवली होती. मी त्याच गाडीत चढलो आणि परत अमरावतीला निघालो. तिकीट काढायचे राहिले. कंडक्टरनेही मागितले नाही. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. एका जंगलखात्याच्या माणसाने बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीवर काय लिहावे, असे घरच्यांनाही वाटते. पण मला लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आम्हाला दोनच वर्षे झाली होती आणि मला रेंजरची नोकरी लागून एक. आमच्या घरातला मी पहिला सरकारी माणूस. वडील अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये हमाली करत. माझ्या अंगावर खाकी होती, पण सागवानाचा एक ठेकेदार मला पाहून खाटेवरून उठत नसे. माझ्यामागे उभ्या असलेल्या शिपायाला मात्र हसून राम राम करी. तेव्हा मी ठरवले की कमरेला असे काही लावायचे, की ते पाहून माणसे आपोआप उठली पाहिजेत. खटपट करून परवाना मिळवला आणि तडक यूसुफभाईंचे दुकान गाठले. अरुंद, तेलाच्या वासाचे दुकान. डाव्या हाताची दोन बोटे नसलेला, दाढी नुकती पांढरी होऊ लागलेला माणूस एका बंदुकीचा दस्ता घासत बसला होता.

"मोठ्यात मोठं पिस्तूल कोणतं हाय, ते दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिले. "जनावरासाठी पाह्यजे का मानसासाठी?"

मी परवाना काढून पुढे ठेवला. त्यांनी तो पाहून परत केला. "रविवारी या. जेवून येऊ नका," एवढेच म्हणाले.

यूसुफभाईंची एक रीत होती आणि ती साऱ्या वऱ्हाडात ठाऊक होती. गिऱ्हाइकाने गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय ते पिस्तूल विकत नसत. बडनेरा रस्त्याला एक बंद पडलेली वीटभट्टी होती, तिथे पोलिसांची परवानगी काढून ते रविवारी सकाळी गिऱ्हाइकाला नेत. मातीच्या उंच दरडीला एक फाटके सूप टांगत आणि तीन पिस्तुले सतरंजीवर मांडत. पाच-पाच गोळ्या प्रत्येकाच्या, आणि मधे चहा. चहा कपात नाही, काठोकाठ भरलेल्या बशीत. गिऱ्हाईक चहा पिऊ लागले की यूसुफभाई त्याच्याकडे न पाहता बशीकडे पाहत. एका शेठजींनी निम्मी बशी स्वतःच्या धोतरावर सांडली, तेव्हा यूसुफभाई गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, "शेठ, तुमाले पिस्तूल नाई, कुत्रं पाह्यजे." शेठजींनी खरोखरच कुत्रे पाळले आणि पुढे त्याला दाखवायला दुकानातही आणले!

माझ्यापुढे त्यांनी एक बत्तीस बोअरचे छोटे पिस्तूल ठेवले, एक लांब नळीचे जर्मन आणि एक पंचेचाळीस बोअरचे अमेरिकन, हातात धरताच मनगट खाली ओढणारे. "छोटं टोचते, लांबडं उडते, मोठं ढकलते," ते म्हणाले. "तुमाले कोनतं सोसते ते तुमचा हातच सांगन. तोंडाचं मी आयकत नसतो." मी तिन्ही चालवली. बत्तीसचा झटका तळहातावर चापट मारल्यासारखा होता. जर्मन पिस्तुलाचा आवाज एवढा कर्कश, की झटक्याकडे लक्षच जाऊ नये. नळी मात्र दर गोळीला आभाळाकडे उडे. पंचेचाळीसचा धक्का सावकाश येई, पण कोपरापर्यंत जाई. तिन्ही वेळा बशी आली. तिसऱ्या बशीतला चहा माझ्या खाकी पँटवर सांडला आणि मी वारा सुटला आहे असे काहीसे म्हणालो. वारा अजिबात नव्हता.

मग त्यांनी पंचेचाळीस पुन्हा भरून दिले. तीन गोळ्या गेल्या. चौथ्या वेळी चाप ओढला तर नुसते 'कट' वाजले. आवाज नाही, झटका नाही. माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा पिस्तुलाचे तोंड सुपाकडे नव्हते, चांगले वीतभर खाली, जमिनीकडे होते. यूसुफभाईंनी गुपचूप मधे एक रिकामे, बारूद नसलेले काडतूस भरले होते.

"पाह्यलं?" ते हळूच म्हणाले. "झटका आलाच नाई साहेब, तरी बी तुमी घेतला. बत्तीसले हात बोटभरच खाली जात होता, याले वीतभर. झटका किती येते ते सर्वेच पाह्यतात. झटक्याच्या आधी हात किती खाली जाते, ते पाहा लागते."

"म्हंजे मी भेतो म्हणता?"

"भेता असं नाई म्हनत. हात वाट पाहून राह्यला, असं म्हनतो."

दोन मजूर बाजूला उभे राहून ऐकत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पिस्तूल सतरंजीवर ठेवले आणि चालता झालो. महिन्याभरात अकोल्याच्या एका म्हाताऱ्या जमीनदाराकडून तसलेच पंचेचाळीस रीतसर कागद करून घेतले. ते कमरेला लावून त्या ठेकेदाराच्या खाटेसमोर उभा राहिलो... तो नाहीच उठला. त्याने फक्त पिस्तुलाची किंमत विचारली.

त्या हिवाळ्यात उजाडता उजाडता एका कोरड्या नाल्यात चोरटे सागवान भरलेल्या दोन बैलगाड्या आम्ही अडवल्या. माझा वनरक्षक सोमा उताराने पुढे गेला होता. गाडीवान हाकत सुटले. सोमाच्या डोक्यावरून पलीकडच्या मातीच्या काठावर एक गोळी झाडावी, आवाजाने ते थांबतील, असा माझा हिशेब होता. मी चाप ओढला. गाड्या थांबल्या. सोमाही मटकन खाली बसला. गोळी त्याच्या पायाशी असलेल्या खडकावर लागली होती आणि दगडाची कपची त्याच्या पोटरीत घुसली होती. चार टाके पडले. त्याने जबानीत "पळताना दगड लागला" एवढेच सांगितले आणि माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. गोळी आणखी हातभर इकडे लागली असती तर काय झाले असते, हे त्याला आणि मला दोघांनाही कळत होते. एका माणसाला खाटेवरून उठवण्याच्या नादात मी दुसऱ्याला कायमचा झोपवणार होतो.

पुढच्या रविवारी पिस्तूल टॉवेलात गुंडाळून मी वीटभट्टीवर गेलो. मला वाटले होते, बोलणी बसतील. यूसुफभाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सोम्याचा पाय कसा हाय?" बरा आहे म्हटल्यावर बशीत चहा ओतला, या वेळी अर्धीच भरली. मग माझ्या हातात पिस्तूल दिले. एक खरे काडतूस, दोन रिकामी, कधी सगळीच रिकामी. कोणते आत आहे ते मला कळू देत नसत. असे कितीतरी रविवार चालले. माझे डोळे दर वेळी मिटत आणि हात खाली जाई. एका रविवारी मी वैतागून पिस्तूल खाली ठेवले. तेव्हा त्यांनी शेजारी बसून अगदी साध्या आवाजात विचारले, "लहानपनी कोन मारे तुमाले?"

मी ते तोवर कोणाला, बायकोलाही सांगितले नव्हते. आमच्या गावच्या शाळेत आम्ही वर्गाबाहेर ओट्यावर बसत असू. गुरुजी आम्हाला हाताने मारत नसत, विटाळ होईल म्हणून. आतूनच छडी फेकत. ती कधी येईल, कुठे लागेल, कळत नसे. म्हणून पाटीवर लिहितानाच अंग चोरायची आणि डोळे मिटायची सवय लागली. शाळा सुटली, परीक्षा पास झालो, धर्म बदलला, खाकी चढवली. अंगाला मात्र कोणी सांगितलेच नव्हते की आता छडी येणार नाही.

यूसुफभाईंनी "अरेरे" म्हटले नाही, त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. त्यांनी डावा पंजा माझ्यासमोर धरला. "गावठी बंदूक तपासून राह्यलो होतो, हातातच फुटली. मंग लय वर्सं मी बी डोये मिटत होतो. दुकान बंदुकीचं अन् मालक भेकड. मी तुमाले पयल्याच दिवशी वयखलं होतं, साहेब. आपलावाला मानूस दिसला मले." आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की मलाही हसू आले. मग मला रडूही आले. त्यांनी बराच वेळ तेलाच्या चिंधीने आधीच स्वच्छ असलेली नळी पुसली.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा लागोपाठ पाच रिकामी काडतुसे आली आणि पाचही वेळा पिस्तुलाचे तोंड जागचे हलले नाही. यूसुफभाईंनी बत्तीस आणि पंचेचाळीस दोन्ही सतरंजीवर ठेवली. "आता दोन्ही सारखेच. कोनतं बी घ्या." मी छोटे उचलले. "काहून?" त्यांनी विचारले. "सदऱ्याखाली लपते," मी म्हणालो. हे उत्तर त्यांना इतके आवडले की पुढची कित्येक वर्षे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असत, माझ्यादेखत, आणि दर वेळी थोडी भर घालून. तो ठेकेदार शेवटपर्यंत उठला नाही. पण पुढच्या भेटीत मी त्याच्याच खाटेवर, त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि कागद मागितले. त्याने सरकून जागा केली आणि कागद दिले.

नंतर आमचे येणे-जाणे घरचे झाले. ईदला शीरखुर्मा आमच्याकडे यायचा, बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याकडे. माझ्या बायकोला ते "बाई, तुमच्या साहेबाचे बूट बदला" म्हणून बजावत. बंदुकीविषयी आम्ही फारसे बोलतही नसू.

त्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा जनाजा निघाला होता. मी मागोमाग कब्रस्तानात गेलो. माणसे पुष्कळ होती. शिकारी, मिस्त्री, दोन वकील, ते कुत्र्याचे शेठजीही. सगळे मिट्टी द्यायला, कबरीत तीन-तीन मुठी माती टाकायला, पुढे जाऊ लागले आणि माझे पाय फाटकाजवळच्या निंबाखाली थांबले. कोणी काही म्हटले नव्हते. तिथे कोणी काही म्हणणारही नव्हते. तरी मी थांबलो होतो, कोणी "तुमी तिकडंच राहा" म्हणेल म्हणून, तो शब्द येण्याच्या आधीच. यूसुफभाईंचा मुलगा अन्वर गर्दीतून मागे आला. त्याचे डोळे सुजले होते. त्याने माझे मनगट धरले आणि म्हणाला, "चला काका. अब्बाले तुमच्या हातची मिट्टी राह्यली."

माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने मागे वळूनही न पाहता सरकून मला जागा दिली. मी वाकून माती घेतली. दोन मुठी दिल्या. तिसरी मूठ उघडायला मला फार वेळ लागला, आणि तोवर सगळे माझ्यासाठी थांबून राहिले.